सहा चमचे, एक टेबलक्लॉथ: देश सोडताना ज्यू कुटुंबांनी काय नेलं, काय जपलं

निळी छत्री

मी लंडनला असते, पेशाने हिशेबनीस. सवड मिळेल त्या रविवारी इथल्या निर्वासित ज्यू कुटुंबांची जुनी कागदपत्रं स्कॅन करून त्यांची यादी लावून द्यायला मदत करते. १९३८-३९ साली जर्मनी-ऑस्ट्रियातून आलेले इतके लोक फिंचली रोडच्या आजूबाजूला राहिले की बसकंडक्टर थट्टेने 'फिंचलीश्ट्रासे' (श्ट्रासे म्हणजे जर्मनमध्ये रस्ता) अशी हाळी द्यायचे म्हणे. त्या पिढीतलं आता जवळजवळ कुणी उरलेलं नाही. मुलं सत्तरी-ऐंशीत, नातवंडं माझ्या वयाची. माळ्यावरच्या पेट्या आत्ता कुठे खाली येताहेत.

पेटीत फोटो, पत्रं, पासपोर्ट असतातच. माझी नजर आधी याद्यांवर जाते, सवयच तशी.

नाझी जर्मनीतून रीतसर बाहेर पडायचं तर सोबत न्यायच्या प्रत्येक वस्तूची यादी टंकून, तिच्या बऱ्याच प्रती काढून मंजूर करून घ्यावी लागे. नग किती, वस्तू कोणती, कधी घेतली, किंमत काय. १९३३ च्या आधी घेतलेल्या वस्तू एका भागात, त्यानंतरच्या दुसऱ्या भागात, खास प्रवासासाठी घेतलेल्या तिसऱ्या. नव्या वस्तूवर तिच्या किमतीइतका आणि पुष्कळदा त्याहून जास्त कर सरकारी बँकेत भरायचा. म्हणजे एक कोट घ्यायचा आणि पैसे दोन कोटांचे मोजायचे. त्यामुळे या याद्यांमध्ये रुमाल, अभ्रे, रफू केलेले मोजे असलं सगळं नगावार येतं आणि पुढे 'वापरलेले', 'जुने' असा शेरा. एखाद्या बाईच्या संसाराची इतकी बारीक नोंद तिच्या आईनेही ठेवली नसेल. ती ठेवायला लावली कस्टम्सच्या कारकुनाने.

पैशाचं तर विचारूच नका. देश सोडण्यावरचा कर १९३१ पासून होता, आधीच्या सरकारने भांडवल बाहेर जाऊ नये म्हणून लावलेला. नाझींनी १९३४ मध्ये त्याची मर्यादा दोन लाख मार्कांवरून पन्नास हजारांवर आणली आणि मध्यमवर्गही त्यात आला. एकूण मालमत्तेचा चौथा हिस्सा गेला. उरलेलं गोठवलेल्या खात्यात. ते परकीय चलनात बदलायला जावं तर १९३९ च्या सप्टेंबरपर्यंत शंभरातले जेमतेम चार हाती यायचे. खिशात रोख किती? दहा मार्क.

आता चमच्यांकडे येते. फेब्रुवारी १९३९ मध्ये हुकूम निघाला की ज्यूंनी सोनं, चांदी, प्लॅटिनम, हिरे-मोती सरकारी तारणगृहात आणून जमा करावं. सूट कशाला? लग्नाची अंगठी, स्वतःचं चांदीचं घड्याळ आणि जेवणाची वापरातली चांदी, माणशी दोन संच. एका संचात सुरी, काटा, चमचा आणि छोटा चमचा. तिघांचं घर असेल तर मोठे चमचे सहा.

हे मला ठाऊक नव्हतं तोवर सहा चमच्यांची मखमली डबी उघडली की मीही इतरांसारखी 'आजीने किती प्रेमाने निवडून आणले असतील' म्हणायचे. प्रेम असेलच. पण सहाच का आणि चहाची किटली का नाही, याचं उत्तर राजपत्रात आहे. आज ज्याला आपण त्या कुटुंबाचा ठेवा म्हणतो त्याची पहिली निवड कारकुनाने केलेली आहे, घरच्यांनी नंतर. संग्रहालयातल्या पाट्यांवर हे क्वचितच लिहिलेलं असतं, आणि मला ते खटकतं.

मुलांचं आणखी वेगळं. नोव्हेंबर १९३८ च्या दंगलींनंतर ब्रिटनने आईबापांविना येणाऱ्या मुलांना घ्यायचं कबूल केलं. २ डिसेंबरला पहिली बोट हार्विचला लागली, आणि युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० मुलं आली. गळ्यात नंबराची चिठ्ठी, स्वतःला उचलता येईल एवढी एकच बॅग, तेच दहा मार्क, मौल्यवान काही नाही. त्या बॅगांत आयांनी काय भरलं? पुढच्या दोन-तीन वर्षांच्या मापाचे कपडे. मूल वाढेल हा हिशेब. कितीतरी घरांत असा एखादा सदरा निघतो, ज्याच्या मापाला मूल आलं तोवर तो घालायची छाती झाली नाही.

आणि रेडक्रॉसची पत्रं. युद्ध सुरू झाल्यावर टपाल बंद. जिनिव्हामार्फत एक छापील फॉर्म जायचा, मजकूर जास्तीत जास्त २५ शब्द, फक्त कौटुंबिक. उत्तर त्याच कागदाच्या पाठीवर, तेही २५ शब्द. जायला-यायला महिनोन्‌महिने. पुढची बाजू लंडनच्या मुलीची, मागची बर्लिनच्या आईची, असा एकच कागद हातात येतो. शेवटच्या फॉर्मवर बहुतेकदा एवढंच असतं की आम्ही प्रवासाला निघतोय, काळजी करू नकोस. मुलगी तेव्हा तेरा-चौदाची, तिने ते शब्दशः घेतलं.

तुमच्यापैकी कुणी अशा वस्तू पाहिल्या असतील, मुंबईतल्या निर्वासित ज्यूंबद्दल काही माहीत असेल, तर लिहा. बेने इस्रायलींबद्दल नाही म्हणत. ते आपलेच, शतकानुशतकं इथले.

खारीबिस्कीट

वाचतेय. त्या सदऱ्याच्या वाक्याला थांबले. टेबलक्लॉथचं काय झालं? शीर्षकात आहे, लेखात नाही.

निळी छत्री

@खारीबिस्कीट, राहिलंच की. तागाचा पांढरा टेबलक्लॉथ, बारा माणसांच्या टेबलाचा, कोपऱ्यात नवरीच्या माहेरच्या नावाची आद्याक्षरं पांढऱ्यावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेली. रुखवतातला. जुना म्हणून करातून सुटला. लंडनला आले ते एका खोलीत, त्यात टेबल चौघांचं. मग तो चौपदरी घालून अंथरायचे. घडीच्या रेषेवर विरलाय आणि मधे चक्क नवा. लेक म्हणाली, आम्ही तो पूर्ण उघडलेला पाहिलाच नाही कधी. स्कॅन कसा करणार! फोटो काढायला शेवटी जमिनीवर पसरला.

तिसरा मजला

लेख चांगला आहे, पण जरा एकांगी वाटला. कारकुनाने निवडलं म्हणता, तर लोक काय इतके साधे होते? दागिने कोटाच्या अस्तरात शिवून नेलेच असतील. आपल्याकडे डेव्हिड ससूनची गोष्ट सांगतातच की, बगदादहून पळताना अंगरख्यात मोती शिवले होते म्हणून. माणूस कायद्याला वाट काढतोच.

निळी छत्री

@तिसरा मजला, काढलीच वाट. पण सामान पेटीत भरताना कस्टम्सचा माणूस घरात उभा राहून यादीशी ताडून पाहायचा आणि मग पेटी सील व्हायची. सापडलं तर परवाना रद्द, म्हणजे जीवच धोक्यात. पुष्कळांनी ती जोखीम घेतली नाही. ज्यांनी घेतली त्यांचा हिरा पहिल्या दोन वर्षांत भाड्यापायी विकला गेला. चोरून नेलेलं विकलं गेलं, मंजुरीचं उरलं. मोत्यांची आख्यायिका ससूनसारख्या यशस्वी माणसाला शोभते. लंडनमध्ये घरकामाच्या व्हिसावर आलेल्या बाईला नाही.

तिसरा मजला

हं. 'चोरून नेलेलं विकलं गेलं' हे पटलं. तरी सगळं श्रेय (की दोष?) कारकुनाला द्यायला मन होत नाही. यादीत असलेल्या शंभर वस्तूंपैकी ऐंशी वर्षांनी पाच उरल्या. ते पाच कुणी निवडले? तिथे घरचेच आले.

कोकणकडा

मुंबईबद्दल विचारलंत म्हणून थोडं लिहितो. माझा विषय नगरचा स्थानिक इतिहास, त्या वाटेने इथे आलो.

१९३३ नंतर जर्मन भाषक ज्यू मुंबईत यायला लागले. डॉक्टर, दंतवैद्य, इंजिनियर, कलावंत. १९३४ मध्ये मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन निघाली. हमीदार मिळवून देणं, नोकरी बघणं, ही तिची कामं. त्याच वर्षी कार्ल्सबाडचा वॉल्टर कॉफमन आला. आकाशवाणीची सकाळची सूरधून त्याची. आपल्या कित्येक पिढ्यांची झोप ज्या सुरांनी उघडली ते एका निर्वासिताने बांधले. तो १९४६ ला इथून गेला, पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवत होता, त्याचे कागद तिथेच आहेत. व्हिएन्नाची नर्तकी हिल्डे होल्गर १९३९ ला आली, मुंबईत एका पारशी डॉक्टरशी लग्न केलं, नाचाची शाळा काढली, १९४८ ला लंडनला गेली.

आता नगर. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झालं आणि इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या सगळ्या जर्मन पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडून अहमदनगरच्या छावणीत आणलं. त्यात नाझी पक्षाचे सभासद होते आणि नाझींपासून पळालेले ज्यूही. एकाच कुंपणात! जर्मन सरकारने १९३८ पासून ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'J' चा शिक्का मारला होता. तिकडे तो शिक्का म्हणजे 'हा आमचा नाही'. इकडे त्याच पासपोर्टचा अर्थ 'हा त्यांचा'. मग एक चौकशी समिती बसली, बऱ्याच ज्यूंना सोडलं, १९४० च्या उन्हाळ्यात काहींना पुन्हा आत घेतलं. पुढे देवळाली, डेहराडून. कुटुंबांसाठी सातारा आणि आपला पुरंदर किल्ला.

नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने परदेशातल्या ज्यूंचं नागरिकत्व काढूनच घेतलं, त्यामुळे तो पासपोर्ट कुठल्याच देशाचा उरला नाही. तरी लोकांनी जपून ठेवला. युद्धानंतर जर्मनीकडे केलेल्या भरपाईच्या अर्जांना तोच पुरावा लागला. धागाकर्तीचा मुद्दा थोडा पुढे नेतो: काही वस्तू आठवण म्हणून नाही, पुरावा म्हणून जपल्या गेल्या.

शेवंतीची वेणी

पुरंदरावर ज्यू कुटुंबं राहिली होती हे सासवडात बालपण काढून मला आज कळतंय. आम्हाला किल्ला म्हणजे संभाजीराजांचा जन्म आणि मुरारबाजी, बास. कोकणकडा, याच्यावर वेगळा धागा काढाच.

वाटाड्या

अवांतर होईल, तरी लिहितो. कल्पना चावला गेली ते कोलंबिया यान आठवतंय? १ फेब्रुवारी २००३. त्यात इलान रामोन हा पहिला इस्रायली अंतराळवीर होता. त्याने सोबत एक पिटुकली तोरा (ज्यूंचा पवित्र ग्रंथ) नेली होती, तळहातावर मावेल अशी गुंडाळी. बर्गन-बेल्सनच्या नाझी छळछावणीत एका डच रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, ती लपवून ठेवली होती. १९४४ मध्ये त्याने तिच्यावरून आम्स्टरडॅमच्या एका मुलाची, योआखिम योसेफची, बार मित्झ्वा पहाटे गुपचूप उरकली (मुलगा तेरा वर्षांचा झाला की करतात तो विधी, आपल्या मुंजीसारखा) आणि तोरा त्यालाच देऊन टाकली. रब्बी छावणीतच गेला. मुलगा जगला, इस्रायलमध्ये शास्त्रज्ञ झाला आणि रामोनच्या यानातल्या धुळीच्या प्रयोगावर काम करत होता. तिथे रामोनने ती पाहिली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तोरा यानाबरोबर गेली. रामोनच्या रोजनिशीची काही पानं मात्र टेक्सासच्या माळावर सापडली, वाचता येण्याजोगी.

खारीबिस्कीट

साठ वर्षं सांभाळलेली वस्तू अंतराळात कशाला द्यायची? मी नसती दिली. रागच आला वाचून.

वाटाड्या

@खारीबिस्कीट, द्यायची म्हणूनच तर रब्बीने मुलाला दिली होती. जगाला ही गोष्ट सांग, एवढी अट घालून.

श्प्रेकाठ

बर्लिनहून. इथल्या ज्यू संग्रहालयाचा (२००१ ला उघडलेलं) मोठा संग्रह जगभर विखुरलेल्या कुटुंबांनी दिलेला आहे. मागे एकदा तिथे शाळेच्या मुलांबरोबर एका देणगीदार कुटुंबाचं सत्र ऐकलं. नातू अमेरिकेतला. आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा आणलेला, आणि त्याला त्यातलं अक्षर लागत नव्हतं. जर्मन येत नव्हतं हे एक झालं, पण जर्मन येणाऱ्या शाळकरी मुलांनाही लागत नव्हतं. ती जुनी वळणदार लिपी १९४१ नंतर शाळांतून गेली. आपल्या घरातल्या मोडी दप्तरांसारखंच, घराण्याचे कागद ट्रंकेत आणि वाचणारा तालुक्यात एक. इथे म्हाताऱ्या जर्मन बायका हौसेने लिप्यंतर करून देतात.

संग्रहालय की घर, हा वादही तिथे झाला. नातू म्हणाला, माझ्या मुलांना यात रस नाही, माझ्यामागे हे कचऱ्यात जाईल. त्याच्या बहिणीला जर्मनीला काहीही परत द्यायचं नव्हतं. एकदा लुटलं, आता आम्ही आपण होऊन आणून द्यायचं? मला दोघंही पटले, काय करणार. शेवटी पत्रं दिली, चमचे ठेवले असं कळलं. (हो, तिथेही चमचे.)

निळी छत्री

@श्प्रेकाठ, बहिणीची बाजू मी इथे नेहमी ऐकते. पुष्कळ जण मग ज्यूंच्या इतिहासाची कागदपत्रं जपणाऱ्या संस्थांना, न्यूयॉर्कच्या लिओ बेक इन्स्टिट्यूटला नाहीतर लंडनच्या वीनर लायब्ररीला देतात. लिओ बेकवाल्यांनी प्रचंड कागद स्कॅन करून खुले केलेत, म्हणजे मूळ एकीकडे असलं तरी वाचायला सगळ्यांना. माझं मत विचाराल तर कागद संस्थेला द्यावेत आणि वस्तू घरात वापराव्यात. कपाटात ठेवलेला चमचा काळा पडतो.

बर्लिनचा विषय निघालाय तर 'लिफ्ट'बद्दल सांगते. ज्यांना अख्खं घर हलवायची परवानगी मिळाली त्यांचं सामान मोठ्या लाकडी खोक्यात भरून हाम्बुर्ग-ब्रेमेनच्या बंदरावर जायचं. त्या खोक्याला लिफ्ट म्हणायचे. माणसं पुढे गेली, सामान मागून येणार होतं, तेवढ्यात युद्ध. हजारो खोकी धक्क्यावर अडकली. गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) ती जप्त करून लिलावात काढली. गावातल्या लोकांनी चादरी, पियानो, मुलांची खेळणी स्वस्तात नेली. ब्रेमरहाफनचं सागरी संग्रहालय आता कुणाच्या खोक्याचं काय झालं याची माहिती गोळा करून खुली ठेवतंय. तिथे त्या मंजूर याद्याच कामी येतात.

तिसरा मजला

म्हणजे शेवटी कारकुनाची यादीच उपयोगी पडली. तुमचा हिशेबनीसपणा जिंकला, मान्य!

पण जर्मनीतल्या आरोल्सन अर्काइव्ह्जबद्दल (नाझी छळाच्या कागदपत्रांचं संग्रहालय) वाचलं होतं, तिथे छावण्यांतल्या कैद्यांच्या वस्तू पाकिटांत आहेत, घड्याळं, अंगठ्या, फोटो, आणि ते घरच्यांना शोधून परत देतात. ते का नाही लिहिलंत?

श्प्रेकाठ

@तिसरा मजला, ते काम अफाट आहे, पण त्या पाकिटांत ज्यूंच्या वस्तू फार थोड्या. बहुतेक पोलंड, रशिया वगैरेंकडच्या राजकीय कैद्यांच्या आणि सक्तीच्या मजुरांच्या. त्यांच्या वस्तू निदान नावावर नोंदवून ठेवल्या जात. मृत्युछावण्यांत ज्यूंकडून घेतलेलं सरळ सरकारजमा, नावबिव काही नाही. परत द्यायला पाकीटच नाही.

अत्तरदाणी

सगळी चर्चा युरोपभोवती चाललीय. इराकचंही बघा. १९५०-५१ मध्ये तिथले सुमारे १,२०,००० ज्यू विमानांनी इस्रायलला गेले. मोठ्या माणसाला पन्नास दिनार आणि एक बॅग. मार्च १९५१ मध्ये मागे राहिलेली मालमत्ताही गोठवली.

आणि त्यांचे कागद कुठे सापडावेत? सद्दामच्या गुप्तचर खात्याच्या तळघरात! मे २००३, बगदाद, अमेरिकी सैनिक कंबरभर पाण्यात. शेकडो वर्षं जुनी पुस्तकं आणि हजारो कागद, त्यात शाळेची दप्तरं, मुलांची प्रगतिपुस्तकं. बुरशी थांबावी म्हणून ओले गठ्ठे आधी गोठवले आणि मग अमेरिकेत नेऊन पान न्‌ पान सुटं केलं. आता इराक म्हणतो आमचा वारसा, बगदादी ज्यू म्हणतात आमच्याकडून नेलेलं आम्हाला द्या. माझं मत दुसऱ्या बाजूला. स्वतःची मार्कशीट बघायला माणसाने कुठल्या सरकारची परवानगी मागायची?

शेवंतीची वेणी

+१ अत्तरदाणी. फाळणीत आलेल्या सिंधी कुटुंबांच्या वस्तूंवरही कुणीतरी लिहायला हवं. उल्हासनगरवाले आहेत का इथे?

रद्दीबहाद्दर

एक व्यावहारिक प्रश्न. फाउंटनच्या फुटपाथवर बऱ्याच वर्षांपूर्वी एक जर्मन पुस्तक घेतलं होतं, बांधणी आवडली म्हणून. मला ओ की ठो कळत नाही. आतल्या पानावर शाईने नाव, खाली 'ब्रेस्लाऊ' आणि १९२७. हे अशा कुणाचं असू शकतं का? कसं शोधायचं?

कोकणकडा

असू शकतं. १९४६ ते १९५० च्या दरम्यान बरेच जण मुंबई सोडून इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाला गेले आणि जाताना पुस्तकं विकून गेले. पण मिशनरी किंवा जर्मन कंपनीचा माणूसही असू शकतो. नाव इथे जाहीर लिहू नका, वारस असतील.

निळी छत्री

@रद्दीबहाद्दर, आधी मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला खालच्या कोपऱ्यात बघा, तिकिटाएवढं पुस्तकविक्रेत्याचं लेबल असतं कधीकधी. मग शिक्के बघा. छावणीत गेलेल्या पुस्तकांवर तपासनिसाचा शिक्का असतो, तो नगरचा किंवा डेहराडूनचा निघाला तर निम्मं काम झालं. ब्रेस्लाऊ म्हणजे आताचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. नाव, गाव, साल एवढं लिओ बेकला इमेलने कळवा, ते बघून सांगतात. आणि पुस्तकाला सेलोटेप लावू नका, हात जोडते.

रद्दीबहाद्दर

सेलोटेप आधीच्या मालकाने लावलाय, मी नाही! शिक्का आहे, गोल, जांभळा, अर्धाच उमटलाय. नाव झाकून फोटो टाकतोय.

खारीबिस्कीट

फोटो दिसत नाहीये. लिंक पुन्हा द्या.